लिंबूटिंबूची विकेट

आमच्या गल्लीचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे. त्यात पन्नाशीकडे झुकलेले सगळे बाप्ये आहेत आणि दर दोन-चार दिवसांनी त्यांच्यातल्या एकाला बालपणाची उबळ येते. कोणीतरी रबरी बॉलचा फोटो टाकतो, खाली लिहितो, 'ते दिवस परत येणार नाहीत.' मग बाकीचे रडक्या तोंडाची चित्रं टाकतात. आपलं बालपण कसं रस्त्यावर गेलं आणि आजकालची पोरं कशी मोबाईलला चिकटलेली असतात, हे सगळं ते अर्थातच मोबाईलला चिकटून लिहितात. मी त्या ग्रुपवर नाही. माझा दादा आहे, आणि जेवताना तो मला त्यातलं मधूनमधून वाचून दाखवतो.

एकदा मी विचारलं, यात माझं नाव कधीच कसं येत नाही? मीही होते की तिथे. दादा घास तोंडात तसाच ठेवून म्हणाला, "तू कुठं खेळायचीस? तू लिंबूटिंबू होतीस."

लिंबूटिंबू म्हणजे काय, हे ज्यांचं बालपण जिन्यात आणि लिफ्टमध्ये गेलं त्यांना सांगावं लागेल. खेळात घेतलेला, पण न मोजलेला भिडू म्हणजे लिंबूटिंबू. तो आउट झाला तरी आउट नाही. त्याने रन काढले तरी धरायचे नाहीत. त्याने कॅच घेतला तर सगळ्यांनी 'वा वा' म्हणायचं आणि बॅटिंग करणाऱ्याने पुढचा बॉल खेळायला उभं राहायचं. बहुतेक वेळा हा कोणाचा तरी धाकटा भाऊ असतो, न घेतला तर भोकाड पसरून आईला बोलावून आणणारा. पण त्याची शिक्षा थोड्या दिवसांची असते. पाच वर्षांचा लिंबूटिंबू सात वर्षांचा झाला की पक्का खेळाडू होतो, आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्या कोणाला तरी लिंबूटिंबू म्हणून हिणवतो. मी अकरा वर्षांची झाले तरी लिंबूटिंबूच होते. माझ्यानंतर आलेली, नाकाचा शेंबूडही न पुसता येणारी पोरं पक्की झाली. माझी मात्र वेणी वाढत राहिली, हुद्दा तोच राहिला.

मला त्या गल्लीत दुसरं काही नको होतं. मला मोजावं, एवढंच हवं होतं.

गल्ली म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. आता शहराची पाटी बदलली आहे, तेव्हा ते साधं नगर होतं आणि आमची गल्ली त्या नगरातली इतकी अरुंद जागा होती की समोरच्या घरातली फोडणी करपली की आमच्या घरात खोकला यायचा. शहराच्या कडेला लष्कराच्या रणगाड्यांना सरावासाठी मैलोन्‌मैल माळ मोकळा ठेवलेला होता. पोरांना सरावासाठी दोन गटारींच्या मधला रस्ता होता. विजेच्या खांबाला टेकवून ठेवलेला रॉकेलचा रिकामा डबा हे स्टंप. डब्याचा एक फायदा होता, तो खोटं बोलत नसे. बॉल लागला की पार मारुतीच्या देवळापर्यंत आवाज जायचा आणि वादाला जागा उरत नसे. तरीही आमची पोरं वाद घालत. वाऱ्याने वाजला, मांजराने वाजवला, काहीही.

नळाला पाणी दिवसाआड यायचं, त्यामुळे क्रिकेटही दिवसाआड. पाण्याच्या दिवशी गल्लीत पाइपांचं जाळं, पिंपं, घागरी आणि बायकांची भांडणं. बिनपाण्याच्या दिवशी आमच्या मॅचा. धरण राहुरीकडे होतं, पण आमच्या गल्लीत कोण कधी बॅटिंग करणार हे तिथून ठरायचं.

नियम सगळ्या गल्ल्यांत असतात तसेच. एक टप्पा एक हात आउट. समोरच्या भिंतीला डायरेक्ट लागला तर चार. गटारीत गेला तर दोन, आणि जो फील्डर जवळ असेल त्याने हात घालायचा. कोणाच्या घरात गेला तर आउट, आणि मारेल तो आणेल. हा शेवटचा नियम फक्त म्हणायला होता. आणायला मी जायचे. कारण काय, तर मुलीला कोणी ओरडत नाही. हे ज्याने शोधून काढलं त्याला समोरच्या काकू भेटलेल्या नव्हत्या. काकू मला तर ओरडायच्याच, वर माझ्यादेखत बॉल विळीवर धरून दोन तुकडे करायच्या, खोबऱ्याची वाटी फोडावी तसे. त्यातल्या एका अर्ध्या बॉलमध्ये त्या खिडकीत चिमण्यांसाठी पाणी ठेवत. चिमण्यांना भूतदया आणि पोरांना विळी. मी ते दोन तुकडे घेऊन परत आले की सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, जणू काही मीच कापून आणला.

बॅट दादाची होती आणि ज्याची बॅट तो कॅप्टन, त्याची पहिली बॅटिंग. खरं तर ती बॅट आमच्या वडिलांनी 'दोघं मिळून खेळा' म्हणून आणली होती. पण वाढदिवस त्याचा होता, त्यामुळे बॅट त्याची झाली आणि 'मिळून खेळा' माझ्या वाट्याला आलं. पुढे वडील गेल्यावर घराचे कागद करायची वेळ आली. दादा, दोन काका आणि एक वकील बसले होते आणि मला चहा देता देता सांगण्यात आलं की हक्कसोडपत्र आहे, तुझं काय, तू फक्त सही कर. तो सूर मला एकदम ओळखीचा वाटला. मी चहा पिऊन उठले, सही न करता. आज त्या घरावर दोघांची नावं आहेत. काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि मला त्याची अजिबात हुरहूर वाटत नाही.

असो. मॅचकडे येते.

आमच्या गल्लीची आणि मागच्या गल्लीची सुट्टीत एक मॅच व्हायची. पैज नव्या बॉलची. त्या वर्षी आमच्यातला एक भिडू ऐन वेळी मामाच्या गावाला राहुरीला गेला आणि आम्ही एकाने कमी पडलो. दादाने गल्लीभर नजर फिरवली, अगदी म्हाताऱ्या कुत्र्याकडेही पाहिलं, आणि मग नाइलाजाने माझ्याकडे. मागच्या गल्लीचा कॅप्टन दादाच्याच वयाचा, त्याच्या वडिलांचा टेम्पो होता, त्यामुळे त्याच्या बोलण्यातही हॉर्न असायचा. तो म्हणाला, पोरगी असंल तर लिंबूटिंबू. दादा म्हणाला, चालेल. दोघांनी हात मिळवले. मला कोणी विचारलं नाही, हे सांगायला नकोच.

दादा चटकन 'चालेल' म्हणाला यात त्याची हुशारी होती. आमच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभं असेल तोवर डाव चालू. लिंबूटिंबू तर आउटच होत नाही. म्हणजे सगळे बाद झाले तरी मी उभी राहणार आणि माझ्या जिवावर दादा खेळत राहणार. मला खेळाडू म्हणून नाही, दुसऱ्या टोकाचा खांब म्हणून घेतलं होतं. मागच्या गल्लीच्या हे लक्षात आलं नाही, आणि दादा स्वतःच्या अकलेवर इतका खूश होता की आनंद पोटात मावेना.

पहिली बॅटिंग त्यांची. लिंबूटिंबूलाही एक ओव्हर द्यायची पद्धत असते, मन राखायला, देवळात लहान पोराच्या हातात घंटेची दोरी देतात तशी. दादाला ती द्यायची नव्हती. मी म्हणाले, मग मी घरी जाते. खांबच गेला तर डाव कसा चालायचा? त्याने बॉल माझ्याकडे फेकला, तोही जरा जोरात.

समोर त्यांचा कॅप्टन बॅटिंगला होता. मघापासून त्याने आमच्या पोरांना धू धू धुतलं होतं. मला बघून त्याने फील्डरांना हात करून सांगितलं, मागं जा, लांब जाणारंय. सगळे हसले. आमची पोरंही हसली.

आता एक गोष्ट त्या सगळ्या वीरांना माहीत नव्हती. आमच्या दारासमोर, डब्याच्या जरा अलीकडे, एक शहाबादी फरशी होती. कधीकाळी गटारीच्या कामाला खणलं तेव्हा ती परत बसवताना कोणीतरी तिरकी बसवली होती. बघून कळायचं नाही. पण मी रोज सकाळी तिथे सडा टाकायचे, रांगोळी काढायचे. रोज माझी रांगोळी एका कोपऱ्यात ओली होऊन पुसायची, कारण सड्याचं पाणी त्या फरशीवरून गटारीकडे न जाता उलटं, डब्याच्या बाजूला वाहायचं. दादा आठ वाजता उठायचा. त्याला ती फरशी फक्त चप्पल ठेवायला माहीत होती.

आई दुपारी झोपली की मी तिथे एकटी बॉल टाकत बसायचे. फरशीच्या कडेला पडला की बॉल गटारीच्या बाजूने आत वळायचा. मधोमध पडला की नुसता बसायचा. मला ते सगळं पाठ होतं.

पहिला बॉल मी मुद्दाम बाहेर टाकला. त्याने सोडून दिला आणि जांभई दिली. दुसरा फरशीच्या कडेला. त्याने पाय पुढे टाकून, डोळे मिटून बॅट फिरवली, आणि मागे डबा वाजला. असा वाजला की काकू खिडकीत आल्या.

त्याने आधी डब्याकडे पाहिलं, नंतर जमिनीकडे. मग तो म्हणाला, "इथं खड्डा हाय." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं. फरक एवढाच की आमचं अंगण खरंच वाकडं होतं, आणि कुठे वाकडं होतं ते मला माहीत होतं. मी म्हणाले, आउट. तो म्हणाला, लिंबूटिंबूच्या बॉलवर आउट धरत नाहीत. मी दादाकडे पाहिलं.

आमचा दादा हा एका वाइडसाठी अर्धा अर्धा तास भांडणारा माणूस. बॉल भिंतीला लागला की भिंतीवरच्या पोस्टरला, यावर त्याने एकदा अख्खी मॅच बंद पाडली होती. मला वाटलं, आता हा त्याची गचांडी धरणार. दादाने हात झटकला आणि म्हणाला, बरोबर आहे, लिंबूटिंबू आहे ती, टाक पुढचा. त्याला संध्याकाळच्या त्याच्या खांबाची काळजी होती. माझी विकेट धरली असती, तर मलाही आउट धरावं लागलं असतं.

माझा तिळपापड झाला. रडू येत होतं, पण रडले असते तर सगळ्यांनी 'बघा, लिंबूटिंबू' म्हटलं असतं. मी उरलेले बॉल कसेतरी टाकले. त्याने त्यातले दोन भिंतीवर मारले आणि ते मात्र धरले गेले.

मग आमची बॅटिंग. दादाच्या हिशेबाप्रमाणे सगळं झालं. एकेक करून सगळे आमचे शूरवीर बाद झाले, दोघं तर पहिल्याच बॉलवर, आणि शेवटी दादा आणि मी उरलो. मागच्या गल्लीच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला की हा डाव संपणारच नाही. त्यांनी आरडाओरडा केला. दादा शांतपणे म्हणाला, ठरलंय आधी, तुम्हीच म्हणाला लिंबूटिंबू. त्यांच्या कॅप्टनने दात खाल्ले, पण शब्द त्याचाच होता. दादा खेळत राहिला, मी पळत राहिले. जिंकायला तीनच रन उरले तेव्हा दादाने एक फटका मारला, बॉल कोणाच्या तरी स्कूटरला लागून परत आला आणि एकच रन निघाला. मी डब्यासमोर आले. आता एक रन झाला की बरोबरी, दोन झाले की नवा बॉल आमचा, पण माझे रन धरायचे नव्हते. मी फक्त बॉल अडवायचा, नाहीतर चुकवायचा, काहीही करायचं. ओव्हर संपली की परत दादा.

त्यांच्या कॅप्टनने बॉल टाकला. फरशीबिरशी काही नाही, साधा सरळ बॉल होता. मी बॅट आडवी फिरवली आणि हुकले. डबा वाजला.

सगळे हसले. दादाही हसला, मजेत, आणि ओरडला, "लिंबूटिंबू, नॉटआउट. टाक, टाक." त्यांच्या कॅप्टनने चरफडत बॉल उचलला आणि परत मागे जायला लागला. कोणाला काही वाटलं नाही. डबा इतक्या जोरात वाजला होता आणि गल्लीतल्या एकाही माणसाच्या लेखी काही घडलं नव्हतं.

मी बॅट खाली ठेवली आणि म्हणाले, "मी आउट आहे."

दादाला आधी ऐकूच आलं नाही. मग तो पळत आला. वेडी झालीस का, तुला कोणी आउट म्हणतंय का, उचल ती बॅट. मी म्हणाले, डबा वाजला. तो म्हणाला, अगं वाजू दे, तू लिंबूटिंबू आहेस. आमची सगळी पोरं माझ्याभोवती गोळा झाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांनी हात जोडले. नव्या बॉलची शपथ घातली, दादाने तर पुढच्या मॅचला पहिली बॅटिंग देतो म्हणून सांगितलं, जे तो मेला तरी देणार नव्हता. मी बॅट उचलली नाही. मग त्यांचा कॅप्टन जवळ आला. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ती म्हणती ना आउट, मंग आउट."

मॅच संपली. नवा बॉल मागच्या गल्लीत गेला.

दादा घरात शिरला तो चप्पल भिरकावतच. आई मेथी निवडत बसली होती, वडील पेपर वाचत होते. दादा म्हणाला, "हिच्यामुळं हरलो."

आई मान वर न करता म्हणाली, "ती कशी हरवेल तुम्हाला? ती तर लिंबूटिंबू ना?"

"नाही," दादा ओरडला. "आउट झाली ती."

मी दारात उभी होते. मला भारी आनंद झाला. माझ्यामुळे हरले. लिंबूटिंबूमुळे कोणी हरत नाही, त्याला हरवायचा हक्कच नसतो. अख्ख्या गल्लीला मी बुडवलं होतं आणि माझा सख्खा भाऊ तसं आईवडिलांसमोर सांगत होता. मला वाटलं, आता त्याने हे शेजारीपाजारीही सांगावं.

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत. सोललेले गुडघे, आखूड झालेला फ्रॉक, घामाने चिकटलेली वेणी. मग म्हणाली, "म्हणजे पोरांच्यात पक्की खेळायला लागली म्हणायची. मोठी झाली. उद्यापासून गल्लीत नाही जायचं."

मी कारण विचारलं. कारण नव्हतं. वडील पेपरमागून 'हं' म्हणाले, आमच्या घरात ठराव असा पास व्हायचा. मी दादाकडे पाहिलं. वाइडसाठी अर्धा तास भांडणाऱ्या माणसाने अर्धा मिनिटही भांडण केलं नाही. तो हातपाय धुवायला गेला. लिंबूटिंबू होते तोवर मी चालत होते. पोरांच्यात असले काय, नसले काय, मी धरलेलीच नव्हते. एका संध्याकाळी मोजली गेले आणि त्याच संध्याकाळी बंद झाले. मला तेव्हा राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. जाऊ नये असंच मला वाटतं.

पुढच्या बिनपाण्याच्या दिवशी संध्याकाळी मी आत कणीक मळत होते. दारावर थाप पडली. मागच्या गल्लीचा कॅप्टन होता. आईला वाटलं दादाची बॅट मागायला आला असेल, म्हणून तिने सांगितलं, तो बाहेर गेलाय. तो म्हणाला, तो नकोय. आमच्यात एक भिडू कमी हाय, ती येती का?

पुढे मला बघायला बरीच मंडळी आली. पोहे खाऊन, उंची विचारून, चालून दाखव म्हणून गेली. त्यातल्या कोणालाही मी काय करू शकते हे माहीत नव्हतं. हा एकटाच असा आला होता, जो ते बघून आला होता.

आई म्हणाली, ती आता खेळत नाही. तो गेला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून चप्पल जमिनीला घासत राहिला. मग म्हणाला, "काकू, पन ती लई चांगली टाकती."

आईने दार लावून घेतलं आणि आत आली. माझ्यासमोर उभी राहिली. ती कधी मॅच बघायला बाहेर आली नव्हती, त्या वेळेला ती रोज झोपलेली तरी असायची किंवा चुलीशी तरी. तिने मला हळूच विचारलं, "खरंच चांगली टाकतेस?"

मी म्हणाले, हो.

मग वाकून तिने परातीतली कणीक बोटाने दाबून बघितली आणि म्हणाली, सैल झालीय, अजून थोडं पीठ घाल.